नारळ कोणाचा

रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसली की काकी बोलत नाही. दोन बोटांच्या दाबाने फळ उकलायचं, गरासकट बिया पातेल्यात, सालं रोवळीत, आणि तोवर हात पुढच्या फळाकडे गेलेलाही असतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. शेवटचे पाहुणे सकाळीच कुडाळ स्टेशनाकडे रवाना झाले होते. खळ्यात जुन्या लुगड्यावर सोलं वाळत होती आणि त्यांचा आंबट, उन्हाने तापलेला वास पार माजघरापर्यंत शिरला होता. मी काकीशेजारी पाट घेऊन बसले होते. माझ्या चुलतभावाची, दादाची, मुलगी पडवीच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसली होती. काकीने मान वर न करता तिला सांगितलं, "शिमग्यात वाचलंस मा, ता पुण्याच्या माणसांचा परत वाच."

पोरगी वाचू लागली. "आम्ही पुण्याहून चौघे आलो होतो. खोल्या स्वच्छ, समुद्र पाच मिनिटांवर. काकूंच्या हातचं तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं खाऊन तृप्त झालो. माझी बायको तर सोलकढी तीनदा मागून प्यायली."

काकीचे हात थांबले. मनगटापर्यंत लाल झालेले. "ही माणसा कधी इल्ली गो? माका आठवणत नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तीनदा सोलकढी मागणारी बाई. अशी बाई माका आठवूक व्हयी." थोडा वेळ ती खळ्यापलीकडच्या माडांकडे बघत राहिली. "वय झाला, दुसरा काय," असं म्हणून तिने पुढचा रतांबा उचलला.

ती माणसं कधी आलीच नव्हती. तो मजकूर मी लिहिला होता.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७मध्ये जाहीर झाला, पण मालवण-तारकर्लीच्या गजबजाटातलं आमच्या खाडीच्या तोंडापर्यंत फारसं काही पोचलं नव्हतं. ऑक्टोबर २०२१मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि मग वाडीत एकच बोलणं, आता माणसं येतील. दादाने मागचा गोठा पाडला, बँकेचं कर्ज काढलं आणि चार खोल्या बांधल्या. २०२२च्या दिवाळीत त्याने पहिल्यांदा दार उघडलं. दिवाळीची सुट्टी संपली, कोणी आलं नाही. काकी रोज दोन नारळ जास्तीचे खवून ठेवायची, आणि संध्याकाळी ते घरच्यांच्याच पानात संपायचे. नोव्हेंबरात एका रात्री दादाचा फोन आला. तो फार बोलणारा माणूस नाही. एवढंच म्हणाला, "नकाशावर आपल्या घराच्या पुढे शून्य दिसता. शून्य बघून कोण येतला?"

मी मुंबईतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन रात्रींत अकरा अभिप्राय लिहिले. हे माझं काम आहे, बावीस वर्षं जनसंपर्काच्या धंद्यात गेली आहेत, माणसं कशी लिहितात ते मला कळतं. नागपूरचं एक नवं लग्न झालेलं जोडपं केलं. एक निवृत्त शिक्षक, त्यांच्या मजकुरात विरामचिन्हं चोख. एक सायकलवाला, त्याच्यात एकही नाही. एकाला मुद्दाम चारच तारे द्यायला लावले आणि 'शेवटचा रस्ता जरा खराब' असं म्हणायला लावलं, कारण सगळेच पाच तारे असले की वाचणारा सावध होतो. पुणेकराच्या तोंडी 'काकू' घातलं. आमच्याकडचा माणूस काकी म्हणतो, घाटावरचा काकू. जुनी सिमकार्डं, जुने फोन, मैत्रिणीच्या मुलांची न वापरलेली खाती, सगळं कामी आलं. डिसेंबरात पहिलं खरं कुटुंब आलं, कोल्हापूरचं. दादाने फोनवर त्यांच्या गाडीचा रंगसुद्धा सांगितला होता. त्या रात्री मला फार शांत झोप लागली होती, हे मी लपवणार नाही.

खोटं होतं तरी काय त्यात? हा प्रश्न मी स्वतःला कितीतरी वेळा विचारला आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. खोल्या स्वच्छ आहेत. समुद्र खरंच पाच मिनिटांवर आहे. काकीचं तिसऱ्यांचं सुकं जेवून उठलेला माणूस मी जे लिहिलं त्याहून जास्तच बोलेल. प्रत्येक वाक्य खरं, फक्त बोलणारा नाही. इतक्या बारीक फटीतून काय मोठंसं निसटणार, असं मला वाटत होतं.

दरवर्षी जानेवारीत आमच्याकडे नवी मुलं येतात आणि त्यांना आचारसंहिता शिकवण्याचं काम माझ्याकडे असतं. मला ते मनापासून आवडतं. मी त्यांना आयव्ही ली या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगते. १९०६ साली कोळसा खाणीच्या संपात खाणमालकांची बाजू मांडताना त्याने वर्तमानपत्रांकडे एक निवेदन धाडलं होतं. आमचं काम चोरीछुपे चालत नाही, आम्ही कोणाच्या वतीने बोलतो ते उघड सांगतो, अशा आशयाचं. मालकांची बाजू घेणारा माणूस, पण मालकांची घेतो आहे हे तो सांगत होता. मग अथेन्सची संहिता. मे १९६५मध्ये आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने ती स्वीकारली, लुसिएँ मात्रा या फ्रेंच माणसाने लिहिलेली, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पायावर उभी. आपल्याकडे दिल्लीला २१ एप्रिल १९६८ रोजी भरलेल्या परिषदेत तीच संहिता मान्य झाली, म्हणून आम्ही जनसंपर्काची माणसं २१ एप्रिल हा आमचा दिवस मानतो. हे सगळं लिहिलं गेलं तेव्हा डोळ्यांसमोर वर्तमानपत्र होतं, बातमीदार होता, टंकलेखित पत्रक होतं. पत्रकाच्या वर कंपनीचं नाव छापलेलं असायचं, त्यामुळे कोण बोलतंय हा प्रश्न पत्रक उघडताच सुटायचा. फोनच्या पडद्यावर तसं शीर्षपत्र नसतं. तिथे माझा पुणेकर आणि खराखुरा पुणेकर सारख्याच अक्षरात, सारख्याच गोल चित्राशेजारी दिसतात.

वर्गात मी एक प्रकरण नेहमी सांगते. २००६ साली अमेरिकेत एक जोडपं फिरत्या घरगाडीतून प्रवास करत होतं, रात्री वॉलमार्टच्या दुकानांबाहेर गाडी लावत होतं आणि वाटेत भेटलेल्या तिथल्या कामगारांच्या सुखी गोष्टी आपल्या ब्लॉगवर लिहीत होतं. मग कळलं की प्रवासाचे पैसे वॉलमार्टची बाजू मांडणाऱ्या एका गटाकडून येत होते, आणि तो गट एडेलमन या त्यांच्या जनसंपर्क संस्थेने उभा केलेला होता. संस्थेच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. अमेरिकेतल्या जनसंपर्क संघटनेच्या २००० सालच्या संहितेत, सामान्य नागरिक म्हणून बोलायला भाड्याची माणसं उभी करणं हे अयोग्य वागणुकीचं उदाहरण म्हणून आधीच लिहिलेलं होतं. मुलं विचारतात, मग त्या जोडप्याने लिहिलेलं खोटं होतं का? मी सांगते, तो मुद्दाच नाही.

नोव्हेंबर २०२२मध्ये मी माझा पुणेकर रचत होते, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन अभिप्रायांविषयीचं मानक लागू झालं. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले किंवा त्याच कामाला लावलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले अभिप्राय छापू नयेत असं त्यात स्वच्छ म्हटलेलं आहे. पुढे जानेवारी २०२३मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि मी ती आठवडाभरात माझ्या वर्गात घेतली. ज्याची शिफारस करता त्याच्याशी तुमचा कोणता संबंध असेल तर तो सांगितला पाहिजे, आणि संबंध म्हणजे काय त्याची यादी. पैसे. फुकट वस्तू. फुकट प्रवास, हॉटेलातलं फुकट राहणं. आणि यादीच्या शेवटी कौटुंबिक, वैयक्तिक किंवा नोकरीचं नातं. मी ती ओळ मोठ्याने वाचली. मुलांनी लिहून घेतली. माझ्या डोळ्यांसमोर दादाचं घर आलं नाही. आज मागे वळून बघताना मला त्या अकरा अभिप्रायांपेक्षा त्या क्षणाचीच जास्त भीती वाटते.

कारण ऑफिसात मी नाही म्हणू शकले होते. एका गृहप्रकल्पाच्या मालकांना गळक्या भिंतींच्या तक्रारींखाली 'समाधानी रहिवासी' हवे होते, दहा-पंधरा नावं आणि रोजचे दोन प्रतिसाद. मी नकार दिला, काम गेलं, वरिष्ठांची नाराजी घेतली. तिथे संहिता माझ्यासोबत होती, कारण तिथे बिल होतं, करार होता, समोर गिऱ्हाईक होतं. घरी यातलं काहीच नव्हतं. भावासाठी केलेल्या गोष्टीला धंद्याचे नियम कशाला लागतात, असं मी ठरवलंही नव्हतं. ते आपोआप तसं झालं होतं.

आमच्या रामेश्वराच्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जत्रेच्या दिवशी पहाटेपर्यंत दशावतार बघून डोळे चुरचुरत असायचे, समया तेवत असायच्या, ओल्या चिऱ्यांचा आणि करंजेलाचा वास. आमच्या वाडीतले गाऱ्हाणं घालणारे आजोबा दिवसभर एक अक्षर बोलायचे नाहीत, पण गाभाऱ्यासमोर उभे राहिले की त्यांचा आवाज देवळाच्या कौलांना लागायचा. "बा देवा म्हाराजा, आज ह्या अमक्या घराण्यातल्या अमक्याच्या झिलान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा..." आणि मागून सगळ्यांचं, "व्हय म्हाराजा!" पुढे मागणं. नोकरी लागू दे, पोर होऊ दे, होडी सुखरूप येऊ दे. मागणारा मान खाली घालून बाजूला उभा असायचा, त्याला स्वतःला शब्द सुचत नसत म्हणून तर आजोबा. दुसऱ्यासाठी बोलणं हे काम किती मानाचं असू शकतं ते मी तिथे पाहिलं आहे. पण सुरुवात नेहमी नारळ कोणाचा इथून. घराणं, नाव, मुंबईहून आला असेल तर मुंबईहून, हे सांगितल्याशिवाय आजोबा मागण्याकडे वळत नसत. एकदा माझ्या वडिलांचा नारळ त्यांनी चुकून काकांच्या नावाने सांगितला, तर वडिलांनी थांबवलं आणि आजोबांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा घातलं. एवढ्या उशिरा, इतके लोक ताटकळत असताना. मला तेव्हा वाटलं होतं, देवाला काय कळत नाही?

आंब्याच्या बाबतीत मात्र आमच्याकडच्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. कर्नाटकातला आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरून वाशीला आणि पुण्याला विकला जातो, ही प्रत्येक बागायतदाराची ठसठस. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आले, तरी पेटीवर छापलेलं नाव गिऱ्हाइकाला पडताळता येतंच असं नाही. काकांना कोणी म्हणालं की तो आंबाही गोडच असतो हो, तर ते लाल व्हायचे. "गॉड आसात. पण तो आमचो न्हय." मीही त्यांच्या बाजूने तावातावाने बोलले आहे. आंब्यात साका असला तर वरून दिसत नाही, कापल्यावरच कळतं, त्याला बिचारा विकणारा तरी काय करणार. पण पेटीवरचं नाव तर माणसाच्या हातात असतं, असं मी कोणाला तरी ऐकवल्याचंही आठवतं.

गेल्या डिसेंबरात दादाकडे रीळवाले आले होते, एक मुलगा आणि एक मुलगी, वयाने माझ्या वर्गातल्या मुलांएवढे. दोन रात्री फुकट राहणं, जेवण, दादाच्या ओळखीने होडीतून फेरी. बदल्यात एक चित्रफीत. सुरमई ताटात आल्यावर त्यांनी पाऊण तास चित्रण केलं आणि काकी पंख्याखाली ते ताट निवताना बघत बसली, तिला आत तुटत होतं. चित्रफितीत मुलगी म्हणते, भटकता भटकता आम्हाला हे घर असंच सापडलं. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१पासून आहेत: फुकट मिळालं असेल तर तसं लेबल लावा, ते मजकुराच्या खाली दडवू नका, पंधरा सेकंदांहून लहान चित्रफितीत ते किमान तीन सेकंद दिसलं पाहिजे. तीन सेकंद. मी दादाला म्हटलं, त्यांना सांग ना 'सौजन्याने मुक्काम' एवढं लिहायला. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो हेही सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं नाही, ते जास्त जड गेलं. "आणि तुझा ता?" एवढंच म्हणाला.

रतांब्यांच्या त्या दुपारी मी काकीशी काहीच बोलले नाही. हात धुतले, डाग गेला नाही, खाडीच्या बाजूला जाऊन बसले. ओहोटी होती. चिखलात दोन बायका तिसऱ्या काढत होत्या, वाकून, हाताने चाचपत. मला सारखी आजी आठवत होती, काकीची सासू. शेवटच्या दोन वर्षांत तिला आपली मुलं ओळखू येईनाशी झाली होती. संध्याकाळ झाली की ती इथेच, या धक्क्यावर येऊन उभी राहायची आणि पलीकडे माहेरी नेणारी तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, कधी येणार ते विचारायची. तर बंद होऊन, पूल होऊन वीस वर्षं झाली होती. तिला हाताला धरून घरी आणायचं काम काकी करायची. आठवणारं माणूस विसरायला लागतं तेव्हा काय होतं हे आमच्या घरात काकीइतकं कोणी जवळून बघितलेलं नाही. आणि काकी म्हणजे प्रत्येक पाहुण्याला तो काय जेवला यावरून ओळखणारी. कोल्हापूरवाल्यांच्या धाकट्याला मासा चालत नव्हता, सांगलीच्या आजींना भाकरी कडक लागायची, असं सगळं.

बोलायला मला चार दिवस लागले. रात्री जेवणं झाली होती, ती चुलीपाशी राख सारखी करत होती. मी म्हटलं, काकी, ते पुण्याचे लोक आले नव्हते. ते मी लिहिलं होतं, दादाचं घर चालावं म्हणून.

तिला आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "म्हंजे मी इसरूक नाय?"

"नाही."

ती खाली पाटावर टेकली. "शिमग्यापासून रातची निजताना इलेली माणसा मोजतंय मी. कोण खयच्या खोलयेत, काय जेवला. सगळी सापडतत. त्या चार जणांकडे इला काय अडाकतंय. मगे पयल्यापासून." तिने पदराने तोंड पुसलं. शिमग्यापासून मेअखेर. मी मनातल्या मनात रात्री मोजल्या. ज्यांच्यासाठी मी ते वाक्य लिहिलं होतं त्या परक्या वाचणाऱ्यांचं काही वाईट झालंच असेल तर ते मला कधी कळलं नसतं. हे माझ्यासमोर, राखेच्या उजेडात बसलेलं होतं. ती मला रागावली नाही असं मी म्हणणार नाही. बराच वेळ ती बोललीच नाही, आणि तिचं न बोलणं मला ओळखता येतं. मग एकदम म्हणाली, "आणि ती तीनदा सोलकढी पियाली ती?"

मी उत्तर द्यायच्या आधीच तिने मान हलवली. "ता तू. लहानपणी. वाटी घेवन तीनदा ईत होतंस." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "म्हणान माका ओळखीचा दिसा होता."

मुंबईला परत यायच्या आदल्या दिवशी मी दादाला सांगितलं की मी ते सगळे काढून टाकणार आहे. तो म्हणाला, काढ. आता खरे चौऱ्याऐंशी आहेत, अकरा गेल्याने पाव ताऱ्याचाही फरक पडणार नाही. मग होडीच्या दोरीची गाठ सोडवता सोडवता म्हणाला, "पण ह्ये चौऱ्याऐंशी त्या अकरांका बघूनच इले." त्यावर मला काही सुचलं नाही, आजही सुचत नाही. मुळाशी घातलेलं काढलं तरी वरचं झाड उभंच असतं, आणि ते झाड तोडावं असं मलाही वाटत नाही. कर्जाचे हप्ते आहेत, पोरीची शाळा आहे. आता दादाच्या पानावर वरच्या ओळीत मी त्याची चुलत बहीण म्हणून, माझ्या नावाने, दोन वाक्यं लिहिली आहेत. त्यात तारे दिलेले नाहीत.

दहा अभिप्राय एका बैठकीत गेले. नागपूरचं जोडपं, निवृत्त शिक्षक, सायकलवाला. अकरावा निघत नाही. ज्या सिमकार्डावर तो पुणेकर उभा केला होता ते बंद झालं, नंबर दुसऱ्या कोणाकडे गेला, आणि खात्यात शिरायला त्याच नंबरावर सांकेतिक आकडे जातात. हा अभिप्राय खोटा आहे, मीच लिहिला आहे, अशी तक्रार मी दोनदा पाठवली. उत्तर नाही. काकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, रवांदे, येतीत कधीतरी खरेच चार जण पुण्यासून. मी अधूनमधून ते पान उघडून बघते. काल बघितलं तेव्हा त्या मजकुराखाली 'उपयुक्त' म्हणून अंगठा दाखवणाऱ्यांची संख्या सातावरून आठ झाली होती.